उतरलेल्या कपड्यांविषयी माझे म्हणणे

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या टेबलाशी, माझ्या धाकट्या बहिणीने पुन्हा तीच गोष्ट सांगितली. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मला कमी ऐकू येते असा तिचा समज आहे आणि तो मी मोडलेला नाही. तिची गोष्ट अशी : तिने लेकरासाठी आणलेली कपड्यांची पिशवी दादाने दाराबाहेर फेकली, गेलेल्या वहिनीची पांढरी साडी रागाच्या भरात टराटरा फाडली, आणि शेवटी दवाखान्यात एका परक्या बाईपुढे हात पसरला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मला कोणीही काही विचारले नाही. या वयात माणसाविषयी बोलले जाते, माणसाशी नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी पिशवीचे. सुनेला सातवा महिना लागला होता. तिचे आईवडील हयात नाहीत. माहेरी हिंगोलीकडे एक भाऊ आहे, त्याने फोनवर गोड बोलून हात झटकले होते. तेव्हा बाळंतपण आमच्याच घरी, घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या एका खोलीत, करायचे ठरले. मुलगा एका कंपनीच्या कंत्राटी गाडीवर ड्रायव्हर होता. ते कंत्राट संपले आणि दुसऱ्या ठेकेदाराने स्वतःची माणसे आणली. मुलगा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला जाई आणि संध्याकाळी तोच शर्ट, तितकाच स्वच्छ, खुंटीला लावी. मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस; कारखाना बंद पडला तेव्हा मिळायचे ते पूर्ण मिळाले नाही, आणि जे मिळाले ते पत्नीच्या आजारपणात गेले. असे घर बाळाची तयारी करीत होते. तयारी म्हणजे काय, तर रोज एकेक गोष्ट नको म्हणायची. पाळणा नको, साडीची झोळी बांधू. डिंक नको, शेंगदाणे आणि गूळ चालेल. मच्छरदाणी जुनी आहे, भोके शिवू. सून काहीच मागत नसे. तिचे न मागणे मला सर्वांत जड जाई.

अशा दिवसांत बहीण गोवंडीहून पिशवी घेऊन आली. ती मुलुंडला एका मोठ्या इमारतीत स्वयंपाकाला जाते. पिशवीत झबली, दुपटी, टोपडी, सगळे मऊ, सगळे इस्त्री केलेले. मी विचारले, "कोणाचे गं हे?"

"आमच्या मॅडमच्या नातवाचे. एकदम चांगलेत, बघ तरी. दोनचारदा घातले असतील. त्यांची पोरं भराभर वाढतात, मग टाकून देतात."

"टाकून दिलेलेच आणलेस ना?"

"दादा, सुरू नको करू हां. बाळाला काय कळणारे कोणाचं आहे ते?"

"त्याला नाही कळणार. मला कळतं."

"मग तुलाच घातलं असतं, पण तुझ्या मापाचं नाही त्यात काही." सुनेने हसू लपवायला पदर तोंडावर धरला, तशी बहिणीला आणखी चेव आला. "आणि हे नको तर काय, तुझ्या तत्त्वांचं लंगोट लावणारेस का त्याला?"

विनोद चांगला होता, हे मी मान्य करतो. परंतु बहिणीला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. गावी आमच्या घरात नवा कपडा येत नसे. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला येई. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा माझा सदरा पाटलाच्या मुलाचा होता. त्या मुलाने एकदा चावडीपुढे माझी कॉलर उलटी करून मित्रांना सांगितले की आतल्या बाजूला शाईचा डाग असेल, बघा. डाग होता. पुढे माझ्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगितले की आजपासून या घरात मेलेले ढोर येणार नाही आणि उतरलेला कपडा येणार नाही. त्यानंतर पोत्याचे कापड धुऊन त्याची चड्डी मी घातली आहे, पण ती माझी होती. बहीण त्यानंतर जन्मली. तिच्या अंगाला दुसऱ्याचा डाग कधी लागलाच नाही, म्हणून तिला ती पिशवी नुसती पिशवी दिसली.

बाळाला जुने घालू नये, असे माझे म्हणणे कधीच नव्हते. पहिले झबले जुनेच असावे, भावकीतल्या धडधाकट लेकराचे असावे, हा आमच्यातला रिवाज मलाही मान्य आहे. नवे कापड टोचते. भावकीत लेकरांचे कपडे फिरत असतात. आज तुमच्याकडे आले, उद्या तुमच्याकडून कोणाकडे गेले. मॅडमच्या घरून आलेले कपडे परत मॅडमच्या घरी कधीच जाणार नव्हते. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

मी पिशवी फेकली नाही. तिचे बंद नीट बांधले, बाहेर पायरीवर ठेवली आणि बहिणीला म्हटले, "जाताना घेऊन जा." ती मुद्दाम न घेता गेली. सकाळपर्यंत कोणीतरी ती उचलून नेली. ज्याने नेली त्याच्या उपयोगी पडली असेल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्याच दिवशी मी घरात सांगितले, "कापडाचं मी बघतो." आणि मग पाहू लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या घरात सुती असे काही उरलेलेच नाही. सुनेच्या साड्या नायलॉनच्या, ओढण्या कसल्याशा चकचकीत धाग्याच्या, मुलाचे शर्ट टेरिकॉटचे, चादरीसुद्धा तसल्याच. स्वस्त ते सगळे पाणी न टिपणारे. पूर्वी गरिबाच्या घरी निदान सुती चिंध्या तरी असत. माझ्या बनियनी आणि एक लुंगी फाडून फडकी केली, उकळून दोरीवर घातली. ती पाहून सून म्हणाली, "बाबा, पुरतील." पुरणार नव्हती. बाजारात जाऊन मलमलीवर हात फिरवून आलो. दुकानदाराने तागा उलगडला, मी घडी मोडायला लावल्याबद्दल त्याची माफी मागून उतरलो. त्या आठवड्यात सुनेला अंडी आणायची होती. जवळच्या लहान कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये काम मागितले. एका गाळ्यात मशीनवर बसलेला पोरगा मला "आजोबा, पाणी पिणार का" असे विचारून उठला. त्याने चांगल्या मनाने विचारले. मी पाणी न पिता परत आलो.

आठवा महिना सरायच्या आत सुनेचे पाय सुजले, डोके ठणकू लागले. तपासणीला नेले तर डॉक्टरीणबाईंनी तिला घरी सोडलेच नाही. रक्तदाब वाढला होता. बाळ काढावे लागेल, नाहीतर दोघांनाही धोका. त्या पालिकेच्या रुग्णालयाबद्दल मला वाईट काही सांगायचे नाही. त्यांनी माझ्या सुनेला वाचवले. नातू झाला. माझ्या तळहाताएवढा, निळसर. त्याला काचेच्या दाराआड, अशक्त बाळांच्या खोलीत ठेवले. तो जगेल का, हे विचारल्यावर तिथले सगळेच एकसारखे बोलत : "बघू."

सिस्टरने बाहेर येऊन सांगितले, "धुतलेली सुती फडकी द्या. मऊ पाहिजेत. जास्त द्या. आणि टोपी."

मी घरी आलो. पत्नीची पांढरी साडी पेटीत होती. जयंतीला, पौर्णिमेला, विहारात जाताना ती नेसे. इतकी वर्षे धुतलेली की हातात धरली तर वजन कळत नसे. बहीण म्हणते मी ती रागाने फाडली. त्या वेळी बहीण रुग्णालयात सुनेच्या खाटेपाशी बसली होती, हे तीच सगळ्यांना अभिमानाने सांगते. मग माझा राग तिने पाहिला कुठून? साडीचे एक टोक मुलाने धरले, एक मी. आधी कात्रीने काठ काढले, कारण काठाचा धागा बाळाला रुततो. मग कडेला लहानशी चीर देऊन आडव्या धाग्यावर सरळ फाडली. मुलगा मान वर करीत नव्हता. मी त्याला म्हटले, "सरळ धर रे, तिरकं जाईल." एवढेच आमचे बोलणे. साडी फाटताना आवाज फार होतो, खोली लहान आहे. शेजारच्या बायकांनी तो ऐकला आणि त्या आवाजालाच माझा राग म्हटले.

फडकी झाली, परंतु टोपी झाली नाही. मला टोपी शिवता येत नाही, आणि सुनेने विणायला घेतलेल्या लोकरीचा अजून गुंडाच होता. मी फडक्यांचे गाठोडे घेऊन काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. तिथे आमच्यासारखी आणखी माणसे बसत. शेजारी एक गावठाणातली ख्रिस्ती आजी होती. घरची भाजीची वाडी, लेक आत, नात आत. तिची मराठी आमच्यापेक्षा वेगळ्या वळणाची, पण गोड. सिस्टर दारातून ओरडली, "आजोबा, टोपी कुठाय? डोकं उघडं राहिलं की बाळ गार पडतं. सांगितलं होतं ना?"

आजीने पिशवीतून एक लोकरीची पिवळी टोपी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या भाऊ. मी दोन विणल्यात. पोरीला डोकं एकच हाय."

बहीण म्हणते मी हात पसरला. माझे दोन्ही हात गाठोड्यावर होते. मी आजीला विचारले, "तुमची फडकी कुठंयत?" तिने दाखवली. नवी कोरी, कांजीसकट, कडक. नातीच्या पाठीला लाल चट्टे उठले होते, ती म्हणाली. मी गाठोडे सोडले आणि अर्धी फडकी तिच्या पिशवीत ठेवली. तिने एक उचलून गालाला लावले.

"पांढरं चालतं ना तुम्हाला?" मी विचारले, कारण काही घरांत चालत नाही.

"आमच्यात बाप्तिस्म्याला पांढराच लागते," ती म्हणाली. "फादरांना बोलावलंय. तुमच्यात?"

"आमच्यात पांढरंच शुभ."

ती हसली. तिने घेतले, मी घेतले. यात देणारा कोण आणि मागणारा कोण, हे मला बहिणीने समजावून सांगावे.

पुढचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. एक दिवस नातू दूध पचवी, दुसऱ्या दिवशी ओकून टाकी. एकदा त्याचा श्वास थांबला आणि दाराआड पळापळ झाली. आम्ही काचेला चिकटून उभे, कोणाच्या बाळासाठी पळताहेत ते कळेना, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात दुसऱ्याचे असो म्हणत होता. मीही म्हणत होतो. फडकी मी रुग्णालयाच्या मागच्या नळावर धूत असे आणि जिन्याच्या कठड्यावर वाळत घालीत असे. तिथे आजीची आणि आमची फडकी मिसळून जात.

एका सकाळी आजीची नात गेली. फादर आदल्या दिवशी येऊन गेले होते. तिला बाहेर आणले ते आमच्याच साडीच्या तुकड्यात. आजी माझ्यापाशी थांबली. मी उठून म्हणालो, "तुमची टोपी..." ती म्हणाली, "असू दे त्याच्या डोक्यावर. थंडी वाजल." आणि जिना उतरून गेली.

बहिणीने हे पाहिले होते. ती थेट काचेच्या दाराकडे गेली आणि सुनेला बाहेर बोलावून घेतले. सून बाळाला छातीशी धरून बसत असे. तसे बसवायला सिस्टरनेच शिकवले होते. ती बाळाला नर्सकडे देऊन दारात आली, एक हात टाक्यांवर.

"ती टोपी काढून दे," बहीण म्हणाली. "गेलेल्या पोरीची आहे ती."

मी म्हटले, "ती जिवंत होती तेव्हा दिलीय."

"दादा, तू गप. तुझ्यामुळेच झालंय सगळं. माझी पिशवी चालली नाही, परक्या बाईचं चाललं. आणि आता हे. काढ म्हणते ना. अजून काय व्हायचं राहिलंय?"

ती रडत होती. हे मी तिच्या विरोधात सांगत नाही. तिलाही भीती होती. अपशकुन मी मानीत नाही, परंतु त्या सकाळी न मानायलाही ताकद लागत होती.

सुनेने आमच्या दोघांकडे पाहिले. इतक्या महिन्यांत तिला कोणी काही विचारले नव्हते. मीही नाही.

"आत्या," ती म्हणाली, "टोपी काढली की तो गार पडतो. काल पडला होता. तुम्हाला आणि बाबांना जे काय भांडायचंय ते त्याला घरी नेल्यावर भांडा." आणि दार लावून आत गेली.

घरी नेल्यावर. तोवर आमच्यापैकी कोणी हे शब्द तोंडातून काढले नव्हते. मुलगा बाकावर बसला होता, तो उठून उभा राहिला. बहिणीने डोळे पुसले, माझ्या हातातली ओली फडकी ओढून घेतली आणि म्हणाली, "आण इकडे. तुला पिळता कुठं येतं?"

त्याला आम्ही घरी नेले, पण ते पुष्कळ पुढे. त्या सकाळी आमच्याकडे फक्त सुनेचे वाक्य होते, आणि बहिणीच्या गोष्टीत ते वाक्य अजून एकदाही आलेले नाही.