वायरताईंची निवड

कुठलीही तार दिसली की वायरताई आधी ती ओढून पाहत. सिंदी रेल्वेच्या आमच्या सूतगिरणीत त्या करारावर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होत्या. वर्ध्याहून रोज पॅसेंजरने येत. मी विद्युत विभागात रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी माझ्या शबनम पिशवीचा बंद ओढला. तो तुटून त्यांच्या हातात आला आणि माझी पत्रकं जमिनीवर पसरली. "क्रांती नंतर करजो, आधी टाका मार," त्या म्हणाल्या.

गिरणीतल्या मशिनी कॉम्प्युटरला जोडल्या, तेव्हा कनेक्टर ताईंनीच निवडले. टेलिफोनच्या वायरीला असतात तसे, प्लॅस्टिकच्या क्लिपचे. नागपुरात लगेच मिळत, टिचकीसरशी बसत. दुसरे होते धातूचे, गोल, आट्यांनी पिळून बसवायचे, आत पाणी-धूळ अडवणारी रबरी कडी असलेले. ते पुण्याहून मागवावे लागत. "सगळीकडं भारीच लावणं म्हणजे अक्कल नाई," असं त्यांचं मत.

दसऱ्याला कामगारांनी मशीनची पूजा केली. शोभाबाईच्या मशीनवर कनेक्टरशेजारी एक हिरवा दिवा लुकलुके. मशीनचा जीव तिथंच, असं तिला वाटे. तिनं तिथंच हळदकुंकू वाहिलं, वर पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवसापासून मशीन मधेच थांबू लागली. ताईंनी कनेक्टर ओढून काढला, तर आतल्या पट्ट्यांवर लाल चिखल. साहेबांनी शोभाबाईला कामावरून काढायचं ठरवलं. तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

मी पेटलो. अंधश्रद्धा आणि व्यवस्थापन, दोघांनाही एकाच पत्रकात झोडपायचं ठरवलं. ताई बौद्ध, पूजेच्या वेळी बाजूला उभ्या राहत, पेढा तेवढा हक्कानं मागून घेत. मला वाटलं, त्या माझ्याच बाजूनं बोलतील.

"काऊन रे, तिनं काय पाप केलं? मशीनीवर माया केली," त्या म्हणाल्या. "अन् तुह्या पत्रकात तिचं नाव आलं, तं साहेबाचं काम सोपंच होईल."

मग त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दारातच होतो.

"सर, चूक माझ्या निवडीची आहे. पॅनलच्या आत क्लिपचा चालला असता. बाहेर रुई उडते, हादरे बसतात, माणसं पाणी शिंपडतात. तिथं आट्यांचाच पाहिजे होता. वायर पाहिली मी, माणसं नाही पाहिली."

"लेखी द्याल?"

"देते."

गोल कनेक्टर आले. ताईंनी एकेक स्वतः पिळून घट्ट केला. शोभाबाई कामावर राहिली. ताईंचा करार मात्र पुढे वाढवला गेला नाही.

"ताई, आता तर पत्रक काढतोच!"

"काय लिहशीन? माह्या चुकीचं कौतुक?" त्या हसल्या. आजही संतापून लिहायला बसलो की मी थांबतो; माझ्या शब्दांनी कुणाची भाकरी तर जात नाही ना, ते आधी पाहतो.

त्या निघाल्या त्या दिवशी सिंदीच्या फलाटावर आम्ही चारपाच जण जमलो होतो. गाडी लागली तरी त्या कुणाला तरी शोधत होत्या.

"शोभा नाई आली काय रे?"

"ड्यूटीवर आहे, ताई. सुट्टी नाही मिळाली."

त्यांचा चेहरा उजळला.

"मंग झालं तं," म्हणाल्या आणि डब्यात चढल्या.