येणारी बोट

आमचे हे उभं आयुष्य लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान, होते. लाँचवर यांचा शब्द खाली पडत नसे, आणि घरी मिठाचा डबा कुठला तेही ठाऊक नाही. हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. त्यानंतर हे ओटीवर बसले ते बसलेच. हाक मारली की जेवायला येत, वाढलेलं खात, बोलत मात्र नसत. भांडखोर माणूस गप्प झाला की घर खायला उठतं. एकदा मी मुद्दाम आमटी खारट केली, तीही यांनी निमूट संपवली. तेव्हा मी खरी घाबरले.

तांडेल होण्याआधी, तरुणपणी हे मुंबईला एका शेठच्या जुन्या मोटर क्रूझरवर खलाशी होते. पांढरं अंग, सागवानी केबिन, पितळी कठडा. तिच्यासारखी देखणी बोट पुन्हा पाहिली नाही, असं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आले आहे. माझ्याबद्दल असं काही बोलल्याचं आठवत नाही. तिचीच छोटी प्रतिकृती करा, असं मीच सुचवलं. भाच्याने मुंबईहून मोटर, पाण्यात फिरणारा पंखा आणि रिमोट पाठवला, आणि माझं जेवणाचं टेबल गेलं.

फुटाला इंच असं माप धरलं होतं. प्लायच्या फासळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यावर सागाच्या पातळ पट्ट्या. पट्ट्या वाकवायला वाफ लागते, म्हणून माझं मोदकपात्रही गेलं. आतलं फर्निचर आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचं केलं. घासायचं, वॉर्निश लावायचं, पुन्हा घासायचं. हे ओरडायला लागले, पट्टी नीट धर म्हणून माझ्यावर खेकसायला लागले. मला आनंद झाला.

परसातल्या टाकीत बोट एका अंगाला कलली, तेव्हा तळाशी जाळ्याचं शिसं भरून ती सरळ केली. टाकीत मोटर चालली, सुकाणू हललं. पण टाकीत वळायला जागा कुठली? म्हणून यांची लाँच लागायची त्या मांडवीच्या धक्क्यावर जायचं ठरलं. आदल्या दिवशी हे सहज म्हणाले, "ही गेली ना, तर मी परत कशाला हात लावायचा नाय." यांचे शब्द मी ओळखते. बोट बुडाली तर माझा माणूस पुन्हा ओटीवर जाऊन बसणार होता.

भरती पुरी होऊन पाणी थांबलं होतं. बरोबर यांच्या लाँचवरचा जुना इंजिन ड्रायव्हर आला होता. त्यानेच पायऱ्या उतरून बोट पाण्यात सोडली. ती गेली. पांढरी, ताठ मानेची, मागे पाण्याची रेघ ओढत. हे रिमोट छातीशी धरून उभे होते आणि डावीकडे म्हटलं की ती डावीकडे जात होती. ड्रायव्हर म्हणाला, "तांडेल, हात तसाच हाय तुमचा." यांनी मिशीतल्या मिशीत हसून तिला लांबवर वळवलं आणि आमच्याकडे आणायला लागले.

तिथे सगळं फिसकटलं. आमच्या उजव्या हाताला खडक होते, बोट थोडी तिकडे झुकली. यांनी रिमोटची दांडी डावीकडे केली. ती आणखी खडकाकडे गेली. यांनी आणखी डावीकडे केली.

"सुकाणू फसलंय," हे म्हणाले. कपाळावर घाम दिसायला लागला. मोटर बंद केली, तर ओहोटी सुरू झालेली. पाणी तिला हळूहळू बाहेर ओढू लागलं. पुन्हा चालू केली, पुन्हा ती खडकाकडेच. मला बोटीपेक्षा त्या छातीतल्या टाक्यांची धास्ती वाटत होती.

"अहो, उलटं होतंय," मी म्हटलं.

"तू गप र्‍हव गो. बोटीतलं तुला काय कळतंय?"

माझं डोकं सणकलं. मी पुढे झाले, दोन्ही खांदे धरले आणि त्यांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं. समुद्राकडे पाठ करायची नाही, हे खलाशांना शिव्या देऊन शिकवणारा माणूस. "आता मान वळवून बघा," मी म्हटलं, "आणि तुम्हीच आत उभे आहात असं समजून आणा."

यांनी मान वळवली. दांडी उजवीकडे केली. बोटीने खडकाच्या अगदी जवळ अंग चोरलं आणि ती सुटली. मग सरळ पायऱ्यांपाशी आली. ड्रायव्हरने गुडघाभर पाण्यात जाऊन तिला उचललं.

हे पायरीवर बसले. मग म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"तुम्ही बोट नेहमी आतूनच पाहिलीत. येणारी बोट मी पाहिली आहे, इथूनच. येणाऱ्या बोटीचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो."

"तू कधी यायचीस? मी तर घरी आलो की तू चुलीपाशी."

"वादळी हवा असली की यायचे. तुमची लाँच ओळखली, की तुम्ही धक्क्याला लागायच्या आत धावत घरी. बायको वाट बघत उभी होती म्हणून तुम्हाला खलाशांनी चिडवलं असतं."

ड्रायव्हर बोट पुसण्यात उगाचच गुंतला. इतक्या वर्षांत एकदाही यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं याचं वाईट मला त्या क्षणी वाटलं, आणि डोळे भरून आले.

यांनी पिशवीतली दुसरी बॅटरी काढून बसवली, केबिनचं झाकण लावलं आणि रिमोट माझ्या हातात दिला.

"ने तू बाहेर," हे म्हणाले. "मी हितं उभा र्‍हतो."