अक्काचा पिंजरा

भालकीत आमच्या गल्लीतले उंदीर मांजरापेक्षा शेजारच्या अक्काला जास्त भीत असावेत. घरात तुरीची पोती. दयामाया तिला परवडत नव्हती. पिंजऱ्यात शिळ्या भज्याचा तुकडा अडकवायची, सकाळी सापडलेला उंदीर बादलीत बुडवायची आणि हात धुऊन निवांत चहाला बसायची.

एकदा गोधड्या उन्हात घालताना तिच्या गोधडीतून उंदराची पिल्लं निघाली. गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी. त्यांची आई बहुधा आदल्या दिवशीच बादलीत गेली होती. माझी लेक हट्टाला पेटली, "मी पाळणार!"

अक्का खेकसली, "येडी का खुळी? आईबिगर जगत न्हाईत ही. ऊब लागतीय, घडीघडीला दूध लागतंय. खेळणं हाय व्हय हे?"

एवढं शहाणपण सांगून झाल्यावर बाईसाहेब पिल्लं पदरात घेऊन आत गेल्या! कापसाची वात दुधात भिजवून पाजत बसल्या.

"अक्का, कामून करायलीस हे?" मी विचारलं.

"तेंची माय मीच मारली न्हवं," ती खाली मान घालून म्हणाली.

पिल्लं एकेक करून गेलीच. एक तेवढं तगलं. अंगावर लव आली, डोळे उघडले आणि एका दुपारी ते पोत्यांमागं पसार झालं. अक्का पोत्यांपुढं बसून त्याला हाका मारत होती. उंदीर हाकेला येतो हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे! मुलगा हैदराबादला राहायला गेला तेव्हा न रडलेली बाई त्या दिवशी ढसाढसा रडली. मला फार वाईट वाटलं.

तुरीसाठी पिंजरा लावावाच लागे, पण बादली बंद झाली. "सगळे सारखेच दिसतेत गं. त्यातला आपला कोन्ता, कसं वळखू?" म्हणायची. मग पिंजरा मांडीवर घेऊन उदगीर रस्त्याच्या बसमध्ये बसायची आणि उसाच्या फडापाशी उंदीर सोडून यायची. ऊस दुसऱ्याचा होता, ही गोष्ट वेगळी. आमच्या कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. कंडक्टर चिडवायचा, "अक्का, तुमचं फुकट. ह्येचं तिकीट?"

"ही बी बाईमाणूसच हाय," अक्का ठणकावायची. सगळी बस हसायची.

मागच्या थंडीत अक्का गेली. मुलानं तूर विकली, घराला कुलूप लावलं आणि पिंजरा माझ्या दारात ठेवला. परवा त्यात उंदीर सापडला. मी बादली भरली. लेक हळूच म्हणाली, "आई, अक्काचा असला तर?"

काहीतरीच! पण बादलीतलं पाणी तुळशीला घातलं आणि पिंजरा घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टर तोच होता. तिकिटाचं काही बोलला नाही. पिंजऱ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "फडापाशी उतरायलात न्हवं?"