टोपलीवाल्या आजोबांना मी दिलेली खुर्ची

बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या एका जपानी आजोबांवर गेल्या शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता अन्याय झाला. तो मी केला.

आम्ही बाराजण आयर्लंडमधल्या टॅला या उपनगरातल्या एका सभागृहात डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून बसलो होतो. आत पाहिलं की थेट आजोबांच्या जपानमधल्या कार्यशाळेत! शिवाय आपले हात दिसत, आणि टपालाने आलेल्या, हातातल्या खऱ्या कामट्याही. गावात शिकायला कुणी उरलं नाही, म्हणून आजोबांना हा वर्ग दर महिन्याला हवा होता. सभागृहाच्या आयरिश बाईंनी बजावलं होतं, लोकांना जमलं तर ठेवू, नाहीतर राहिलं.

आदल्या आठवड्यात मी चाचणीचं चित्रण पाहिलं होतं. आजोबा जमिनीवर! माझं डोकंच फिरलं. शिकवणारा खाली आणि शिकणारे खुर्चीत? ही कुठली रीत? मी आयोजकांना कडक पत्र पाठवलं: त्यांना सन्मानाने टेबल-खुर्ची द्या. दिली की त्यांनी!

आता आजोबा टेबलावर कामट्या रचत होते आणि त्या घसरत होत्या. पुन्हा रचल्या, पुन्हा घसरल्या. वर तेच बिचारे वाकून आमची माफी मागत होते.

शेजारी माझी आई होती, सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेली. ती हेडसेटसकट कडाडली, "अगं, त्या माणसाला खुर्चीत कुणी कोंबलंय?"

"मी. सन्मान म्हणून."

"डोंबलाचा सन्मान! टोपलीचं बूड पायाखाली दाबून विणतात. आमच्या बुरूड आळीत रोज बघायचे मी. त्यांना विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. मी आईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, दुभाषी मुलीने जपानीत. आजोबा इतके हसले की खुर्ची करकरली. खाली उतरले, कॅमेराही खाली घेतला, टाचेखाली कामट्या दाबल्या आणि बोटं भराभर चालायला लागली. आईने धप्पकन बसकण मारली. मग मोजे काढत अख्खं सभागृह जमिनीवर. तासाभरात बाराही बुडं घट्ट!

"ग्रँड!" आयरिश बाई म्हणाल्या. वर्ग पक्का झाला.

आजोबांना मी माफीचं पत्र पाठवलंय. तेवढ्याने भागत नाही. तुम्हीही कुणाकुणाच्या वतीने अर्ज लिहिता, सह्या गोळा करता. आत्ता जो अर्ज तयार असेल तो थांबवा. ज्याच्यासाठी लिहिलाय त्याला फोन लावा, आणि आधी त्याला विचारा.