पहिल्या वाराची मुंडी

आमच्या गावच्या शिकारीत कायदे दोनच. डुकराला पहिला वार ज्याचा लागला, मुंडी त्याची. मग जीव दुसऱ्याच्या गोळीने का जाईना. बाकी मांसाचे वाटे सारखे. हाका घालून जनावर उठवणाऱ्याला एक, कुत्र्यालाही एक, तो अर्थात कुत्र्याचा धनी खातो. दुसरा कायदा राईचा. गावाबाहेर देवाची राई आहे, तिथली सुकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. जखमी जनावर धावत राईत शिरलं की बंदूक खाली. मग ते राखणदाराचं. राखणदार दिसत नाही, पण त्याला दर वर्षी काठी आणि वहाणा द्याव्या लागतात, कारण गाव राखत फिरून त्या झिजतात.

सातवीत माझी शाळा सुटली. मला पुरते समजलेले कायदे एवढेच. पुढचे सगळे मी घाबरत घाबरत पाळले.

मध्यंतरी आमच्या परळच्या चाळीत, गॅलरीत, पोरांची जुंपली. टीव्हीवर कोणी परदेशी माणूस सिंहाच्या आयाळीत हात घालून बसलेला दाखवला होता, सिंह मेलेला. एक पोरगा म्हणत होता, तो पैसे भरून मारतो, त्या पैशावर तिथली गावं बाकीचे सिंह सांभाळतात, नाहीतर विष घालून कधीच संपवले असते. दुसरा म्हणाला, म्हणजे पावती फाडली की खून माफ. मग दोघंही माझ्याकडे वळले. आजोबा, तुम्ही तर जन्मभर मेलेले वाघ शिवलेत, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, चहा उतू जाईल, आणि आत गेलो. आधणसुद्धा ठेवलं नव्हतं.

जे तेव्हा बोलता आलं नाही, ते लिहून बघतो.

मला मुंबईला आणलं माझ्या चुलतभावाने. मी त्याला दादा म्हणायचो. लोअर परळच्या एका गिरणीत तो मागावर होता, आणि मला बदली कामगार म्हणून लावला तोही त्यानेच. लालबागेत आमच्या गावच्या गड्यांची एकत्र राहायची खोली होती, तिथे माझ्या ट्रंकेला जागा मिळावी म्हणून त्याने स्वतःची ट्रंक गॅलरीत काढली. हे उपकार मी विसरलेलो नाही. संप झाला आणि गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा मला पहिली भीती वाटली ती ही, की आता परत जावं लागणार, आणि ट्रंक उचलायला दादा असेल की नाही.

पोट भरायला मी परळच्या एका गल्लीत कामाला लागलो. तिथे मेलेल्या जनावरांत पेंढा भरत. आमच्या खोलीत त्याला मढ्यांची गिरणी म्हणायचे. मालक ठाकूरद्वारचे, सत्तरीला टेकलेले, हातात कायम काठी, तरुणपणी एका संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते. वन्यप्राण्यांचा सरकारी कायदा आल्यापासून शिकार बंद, त्यामुळे नवं जनावर येत नसे. श्रीमंतांच्या बंगल्यातली जुनी मुंडकी, कधी अख्खी जनावरं, डागडुजीला यायची, मालकीचा सरकारी दाखला सोबत घेऊन. वाघाचा कान कसरीने खाल्लेला, सांबराचं नाक फुटलेलं. मला सूत जोडायची सवय, म्हणून शिवण माझ्याकडे. मालकांनी मला कधी आवाज चढवला नाही. जेवताना स्वतःच्या डब्यातली भाजी न विचारता माझ्या ताटलीत टाकायचे.

भिंतीवर मधोमध एक बिबळ्याचं मुंडकं होतं. ते मालकांचं स्वतःचं. घाटाखाली, म्हणजे आमच्याच बाजूला कुठेतरी, त्यांनी तरुणपणी मारलेला. ते विकायला नव्हतं. दर सकाळी मालक आधी त्याचे काचेचे डोळे पुसत आणि मग चपला काढत.

एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई तिथे यायच्या. मेलेले पक्षी कागदात गुंडाळून आणायच्या, वर्गात दाखवायला भरून हवे असायचे. आल्या की मालकांशी वाद ठरलेला. मालक म्हणत, शिकारी होते तोवर रान होतं. संस्थानच्या रानात फांदी तोडायची कोणाची छाती नव्हती. बाई म्हणत, हो, कारण मारायचा हक्क एकट्याचा होता. मालक म्हणत, आता हक्क कोणाचाच नाही, म्हणून चोराचा झाला. बाई बिबळ्याकडे बोट दाखवत आणि विचारत, हा राखलात का तुम्ही? त्यावर मालक मला चहा सांगत. वाद तिथेच थांबे, पुढच्या पक्ष्यापर्यंत.

मी गप्प शिवत असे, पण कान तिकडे. कारण तोच वाद आमच्या घरातही शिरला होता. खोलीतली बाकीची माणसं संपात गावच्या भातावर तगून होती. कोणाची बायको तांदूळ पाठवी, कोण स्वतः जाऊन पेज पिऊन येई. दादाचं शेत राईच्या कडेला, रानाला लागून. गावची बंदूक आमच्या आजोबांच्या नावावर, ते गेले आणि त्यांच्यामागे परवाना पुन्हा झाला नाही. हाके बंद पडले. डुकरं माजली. त्या वर्षी दादाच्या शेतात कापायला काही उरलं नव्हतं. मालकांनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, बघा, शिकार बंद केल्याचं फळ. बाई म्हणाल्या असत्या, बिबळे मारलेत म्हणून डुकरं वाढली. दोघांचंही मला पटायचं. भिंतीकडे बघायचं मात्र मी टाळायचो.

गिरणीत थोडे माग पुन्हा चालू झाले होते, दादा संप फोडून तिथे कामावर जायला लागला. चोरून. पहाटे मासळी आणायला म्हणून निघायचा. मला कळलं ते त्याच्या केसांवरून, कानामागे कापसाची पुसट लव दिसली. मी म्हटलं, दादा, आपलीच माणसं मारतील. तो म्हणाला, "घराकडे डुकरांनी खाल्लां, हयसर उपाशीपणान. माका जागा दाखव, मी थंय जातंय."

माझ्याकडे जागा नव्हती.

त्याला धरला आमच्याच खोलीतल्यांनी. पुढे होता तो आमचा म्होरक्या. गावी हाक्याची रचना तोच करायचा, कोणी कुठे बसायचं, कुठून थाळे बडवायचे. संपातही नाक्यावर माणसं तोच वाटून द्यायचा. कोण फुटून आत जातो ते बघायला त्याने गिरणीच्या तिन्ही वाटांवर गडी बसवले, आणि दादा बरोबर त्याच्यासमोर आला. हे मला नंतर दादाने सांगितलं. त्यांनी त्याला काहीच विचारलं नाही. पहिली लोखंडी कांब म्होरक्याची, खांद्यावर. मग सायकलची चेन. खाली पाडल्यावर एकाने त्याचा उजवा हात फुटपाथच्या कडेवर धरला आणि दुसऱ्याने वरून दगड घातला. ज्या बोटांनी माग चालवतो तीच बोटं. दादा म्हणाला, आवाज सुपारी फोडल्यासारखा आला. नंतर तो कसा उठला, कसा पळाला, ते त्याला आठवत नव्हतं.

मी कारखान्याचं दार उघडून झाडू मारत होतो. तो आत आला आणि वाघाच्या अंगावर कोसळला. वाघ नुकताच शिवून झाला होता. त्याच्या पांढऱ्या पोटावर दादाचं रक्त पसरत गेलं, आणि मला आधी वाघाचीच काळजी वाटली, इतका मी भेदरलो होतो. मालक आले होते. त्यांनी काही न विचारता हात बघितला, फळी लावून बांधला, आणि दादाला मागच्या बाजूला, अस्वल आणि नीलगायीच्या मधे, पेंढ्यावर निजवलं. म्हणाले, रस्ता निवळला की इस्पितळात नेऊ.

रस्ता निवळला नाही. दुपार व्हायच्या आत म्होरक्या आणि त्याचे दोघे गल्लीत आले, रक्ताचे थेंब बघत बघत, जखमी डुकराच्या मागे जातात तसेच. एकाच्या हातात दादाचा डबा होता. मागे गल्लीतली माणसं जमली. मी दारात उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे, हलता आलं नाही.

म्होरक्या म्हणाला, "बाजूक हो. पयलो वार माझो. मुंडी माझी."

बाकीचे दोघे हसले. त्यातला चेनवाला म्हणाला, चेन आधी माझी लागली होती, तेव्हा मुंडी मला. दोघांची त्यावरून चेष्टा सुरू झाली, गावच्या खळ्यावर वाटे घालताना व्हायची तशी. एका ताटलीत जेवलेली माणसं. त्या हसण्याने माझ्या तोंडातून निघून गेलं, "ही राई आसा."

"काय म्हणतंस?"

"ही राई आसा. आत इलेला जनावर कोणाचा, तूच सांग."

म्होरक्या थबकला. माझ्या खांद्यावरून त्याने आत बघितलं. उन्हाची तिरीप वाघावर, सांबरांवर, अस्वलाच्या दातांवर पडली होती. चेनवाला म्हणाला, "राई खंयची, मसणवाट आसा ही." पण पुढे पाऊल त्यानेही टाकलं नाही.

मग म्होरक्याने आवाज चढवला, माझ्यासाठी नाही, मागच्या गर्दीसाठी. "राई, तर राखणदार खंय आसा?"

मालक स्टुलावरून उठले. ठाकूरद्वारच्या माणसाला हा शब्द पहारेकऱ्यापलीकडे कुठून ठाऊक असणार. त्यांना वाटलं, कारखान्याला रखवालदार आहे का विचारतायत. हाताला लागलेलं प्लास्टर एप्रनला पुसत, काठी टेकत ते पुढे आले आणि सरळ म्हणाले, "वेगळा राखणदार नाही ठेवलेला. मीच आहे."

कोणी हसलं नाही. म्होरक्याची नजर त्यांच्या हातातल्या काठीवर गेली, मग पायांवर. सकाळच्या गडबडीत काढायच्या राहिलेल्या मालकांच्या वहाणा टाचेला झिजून पार पातळ झाल्या होत्या. मी त्या रोज बघत होतो. त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला.

पण गल्ली भरली होती आणि म्होरक्याला हात हलवत जाता येणार नव्हतं. खालच्या आवाजात तो मला म्हणाला, "मुंडी घेतल्याशिवाय मी जावचंय नाय." त्यात आता धमकी कमी आणि अडचण जास्त होती. मी ते मालकांना सांगितलं, आमचा कायदा दोन वाक्यांत सांगितला.

मालकांनी ऐकून घेतलं. मग भिंतीजवळ गेले, स्टूल ओढलं, वर चढले, आणि बिबळ्याचं मुंडकं खिळ्यावरून काढलं. खाली उतरायला त्यांना माझा हात धरावा लागला. मुंडकं त्यांनी म्होरक्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हा माझ्या पहिल्या वाराचा. घेऊन जा."

नाक्यावरच्या खांबाला त्यांनी ते टांगलं, खाली दादाचा डबा बांधला. लोकांनी चपला मारल्या, काठ्या मारल्या. शिवण उसवली, पेंढा रस्ताभर झाला. कोणीतरी रॉकेल ओतलं. जळताना काचेचे डोळे फुटले, त्याचा आवाज आम्हाला आतपर्यंत आला. ती सगळी माणसं तिकडे धावली, तेवढ्यात मी आणि मालकांनी दादाला मागच्या दाराने इस्पितळात नेलं. त्याची दोन बोटं काढावी लागली. जीव राहिला.

पोलीस जळालेल्या मुंडक्याच्या चौकशीला आले तेव्हा मालकांनी सांगितलं, कसर लागली होती, मीच टाकून दिलं. त्यांना इतकं खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. बाई आल्या, त्यांनी रिकामा खिळा बघितला, आणि मालकांनी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "बघा बाई, शिकाऱ्याच्या मुंडक्याने शेवटी एक जीव राखलाच."

बाईंनी त्या खिळ्याकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "बिबळ्याला विचारलंत?"

त्या दिवशी मालकांनी चहा सांगितला नाही. त्या खिळ्यावर नंतर कधीच काही टांगलं गेलं नाही, आणि मालक सकाळी आल्या आल्या चपला काढू लागले.

संप कधी संपला, कोणी सांगितलंच नाही. दादा गावी गेला. गिरणी बंदच राहिली, तेव्हा मागोमाग म्होरक्याही गेला. मारणारा आणि मार खाणारा, दोघांचं घर एकाच पाणंदीवर. एकमेकांशी ते बोलले नाहीत. मी मालकांकडेच राहिलो, त्यांच्यामागेही तेच काम केलं. अजून दारात चपला काढतो त्या बाहेरच्या बाजूला तोंड करून, पटकन घालता याव्यात म्हणून.

बऱ्याच वर्षांनी एका गणपतीला गावी होतो. सकाळी दादाच्या अंगणात म्होरक्याचा मुलगा आला, केळीच्या पानात काहीतरी घेऊन. पायरीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाबांनी दिल्यानी." बस एवढंच, आणि गेला. दादाने डाव्या हाताने पान उलगडलं. डुकराची मुंडी होती, ताजी, सुळ्याला अजून माती. आमच्या गावात मुंडी कोणी कोणाला देत नाही.

शिकार बेकायदा, फॉरेस्टवाले आले तर? मी म्हटलं, दादा, पुरून टाक. तो ऐकत नव्हता. त्या डुकराने त्याचं निम्मं शेत उकरलं होतं, खुराने, नाकाने, सगळं. त्या मुंडीकडे तो बघत राहिला. मग पान पुन्हा मिटलं, तीन बोटांच्या हाताखाली धरलं आणि चालू लागला. मी मागोमाग.

राईच्या कडेला एक दगड आहे. त्यावर त्याने मुंडी ठेवली, पान उघडून. हात जोडले नाहीत.

"खाऊन टाक मरे," मी म्हटलं, "नायतर परत दी."

"माझी न्हय ती," दादा म्हणाला. "माझी कधीच दिलेली आसा, त्या बिबळ्यान."

दुसऱ्या दिवशी दगडावर पान होतं, मुंडी नव्हती. दादा म्हणाला राखणदाराने नेली. मातीत ठसे उमटले होते, मी वाकून बघितले. बिबळ्याचे होते, ताजे. मी कोणालाही सांगितलं नाही, दादालाही नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी हाका घातला असता.