ओट्याखालून दिसलेली अक्षरं

माझे पाय माझ्या बापानं बांधले. दोर त्यानंच वळलेला होता. फांदी देवळापुढच्या लिंबाची होती. हुकूम पाटलाचा होता.

"आवळ नीट," पाटील म्हणाला. "लाड घरी कर लेकराचे."

बापानं डोईचा पटका सोडला. पाटलापुढं बोडक्यानं उभं राहायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. त्या दिवशी बाप राहिला. तो पटका त्यानं माझ्या घोट्यांना गुंडाळला, म्हणजे दोर कातडीत शिरू नये. त्यावर गाठ मारली. दोर फांदीवरून टाकला आणि ओढला. मी वर गेलो. डोकं खाली.

समोर ओट्यावर पोरं बसली होती. हसायली होती. मास्तरबी हसायला होता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गुन्हा एवढाच, की मी मातीत अक्षर काढलं होतं आणि ते उलटं काढलं होतं.

ते उलटं कसं झालं ते आधी सांगतो.

आमचं गाव मुडबीच्या बाजूला. नाव लिहीत न्हाई. पाटलाची नातवंडं वाचतील म्हणून न्हवं. त्या बाजूला दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चालेल, म्हणून. राज्य निजामाचं. सरकारी शाळा लांब कल्याणीला, तिथं उर्दू. गावात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर एक मास्तर शाळा घ्यायचा. घराघरातून त्याला जोंधळा जायचा. पाटलाच्या घरातून सगळ्यात जास्त.

पेरण्या उरकल्या की शाळा सुरू व्हायची. पहिले दिवस धूळपाटीचे. लाकडाची फळी, तिच्यावर बारीक माती पसरलेली. त्या मातीत बोटानं अक्षर ओढायचं, चुकलं की तळहातानं पुसायचं. सगळी पोरं एका सुरात "ओनामासीधं" म्हणायची. अर्थ कुणालाच ठाऊक न्हाई. मास्तरालाबी नसावा. आणि मास्तर मागून यायचा, वाकायचा, पोराचं बोट आपल्या हातात घ्यायचा आणि ओढून घ्यायचा. हां, असं. आता असं वळव. नव्या पोराचं पहिलं अक्षर असंच यायचं. मोठ्या माणसाच्या हातातून.

माझा हात कोण धरणार? आम्ही मांगवाड्यातले.

बाप पाटलाच्या पायरीखाली उभा राहिला होता. मी त्याच्या मागं.

"मालक, पोराच्या कानावर चार अक्षरं पडू द्या."

"पडू दे की," पाटील म्हणाला. "खाली उभा राहू दे. ऐकायला काय जातंय? अंगण झाडायचं पण त्यानंच. आन शाळेला केरसुण्या, दोर, काय लागंल ते तुझ्याकडनं."

बापाचं तोंड उजळलं होतं. ते मला अजून दिसतं. त्याला वाटलं, मिळालं.

मग मी रोज सकाळी अंगण झाडायचा आणि ओट्याखाली उभा राहायचा. ओटा माझ्या कमरेएवढा. देवळात आत अंधार, म्हणून पोरं उजेडाकडं तोंड करून ओट्याच्या काठावर बसायची. म्हणजे माझ्याकडं तोंड करून. त्यांच्या पाट्या त्यांच्यापुढं, माझ्या नाकासमोर. ती तिकडून बघायची, मी इकडून.

मला जे दिसलं ते मी काढलं. खाली, पायापुढच्या मातीत, बोटानं. अक्षराला वरची बाजू असती आणि खालची असती, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. पोरं आधी एक आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षर लटकवायची. मला इकडून दिसायचं ते वेगळं. मला वाटायचं, रेघ म्हणजे जमीन, आणि अक्षर तिच्यावर उभं राहिलंय. जोंधळ्याचं ताट उभं राहतं तसं. मी तसंच काढायचा. चांगलं काढायचा.

एक दिवस काय झालं, नवं अक्षर आलं आणि मला त्याचं वळण नीट दिसेना. मी पुढं सरकलो. ओट्याच्या काठाला हात टेकला. बस एवढंच. मास्तर ओरडला. पोरं पाट्या घेऊन मागं सरली. घागर आणली, काठ धुतला. ते पाणी अंगणात उतरलं आणि मी काढलेली अक्षरं वाहून गेली.

संध्याकाळी बापाला सांगावा आला. शाळेला दोर पाहिजे, चांगला लांब.

बापाला वाटलं, आडाला पाहिजे असेल. अंबाडी भिजलेली होतीच. दोर एकट्याला वळता येत न्हाई, दुसरं टोक धरणारं लागतं. ते मी धरलं. बाप पिळायचा, मी मागं मागं सरायचा. चांगला दोर झाला. बाप हात फिरवून बघायचा आणि खुशीत म्हणायचा, "शाळेचा हाय."

दुसऱ्या दिवशी मास्तरानं तो लिंबापासून खुंटीपर्यंत बांधून घेतला. ओट्यापुढं, हातभर अंतरावर.

"ह्याच्या अलीकडं यायचं न्हाई."

बाप दुपारी तिकडून चालला होता. त्यानं बघितलं. दोर बघितला, पलीकडं मी बघितला. थांबला न्हाई. रात्री मी विचारलं, "अप्पा, दोर कामून देलास?"

"मागितला," बाप म्हणाला.

मी दोरापलीकडून शिकायला लागलो. पाट्या लांब गेल्या, पण डोळे तेव्हा घारीचे होते.

मग पाटील आला. त्याचा पोरगा त्याच वर्षी शाळेत बसला होता. माझ्याच वयाचा, गोरा, कानात बाळी. पोरगं काय शिकलं बघायला पाटील आला होता. तो अंगणातून आला, म्हणजे माझ्या मागून. मी ओणवा होऊन मातीत काढत होतो. मला पाऊल ऐकू आलं न्हाई.

"मास्तर, हे मांगाचं काय काढायलंय? समदं डोकं खाली, पाय वर!"

मास्तर ओट्यावरून उतरला. लांबून वळसा घालून माझ्या मागं आला, बघितलं आणि मोठ्यानं हसला. "अक्षरालाबी जात कळती की, पाटील."

पोरं हसली. कोण तरी ओरडलं, "वटवाघूळ हाय रे, वटवाघूळ!" मग सगळीच ओरडायला लागली. मी माझ्या अक्षरांकडं बघत होतो. मला काहीच चुकीचं दिसत नव्हतं. रोज दिसायचं तसंच होतं. सगळे कामून हसायलेत ते मला कळेना. ते न कळणं, त्या हसण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात पाटलाचा पोरगा ओट्याच्या काठावरून वाकला.

"अण्णा, इकडून सरळ दिसायलंय. माझ्यापेक्षा चांगलं आलंय."

हसणं थांबलं.

पाटलानं पोराची पाटी बघितली. तिच्यावर नुसती माती उकरलेली होती. मग मास्तराकडं बघितलं.

"जोंधळा माझा खायलास, आन अक्षर मांगाला देयलास?"

"तुमची आण, पाटील. मी न्हाई शिकवलं. ह्याचा हातसुदीक धरला न्हाई कधी."

मास्तर खोटं बोलला न्हाई. हात धरलाच नव्हता.

"उलटं शिकलंय न्हवं? मग उलटंच टांगा," पाटील म्हणाला. "बघू दे सरळ दिसतंय का."

पण टांगायचं कुणी? मला शिवायचं कुणी? मास्तर मागं सरला. मग पाटीलच म्हणाला, "बापाला बोलवा." आणि ओट्यापुढचा दोर सोडला.

बाप आला. पुढचं वर लिहिलंय. पुन्हा लिहीत न्हाई.

टांगल्यावर पहिल्यांदा काही दिसत न्हाई. रक्त डोळ्यांत उतरतं. सदरा तोंडावर येतो. मग हळूहळू दिसायला लागतं. मला दिसलं, पाटील वहाणांनी जमिनीला लटकलाय. त्याचं पागोटं खाली आभाळात गेलंय. मास्तर लटकलाय. पोरं ओट्याला चिकटून लटकलीत, आणि हसताना त्यांची तोंडं जखमांसारखी दिसतात. माझा बापबी लटकलाय, उघड्या डोक्यानं.

आणि त्यांच्या पाट्या. काठावर मांडलेल्या पाट्या. त्या सरळ झाल्या होत्या. रेघ वर, अक्षर खाली. तेव्हा मला कळलं, हे सगळे असं बघतात. रोज, बसल्या जागी, मास्तराचा हात हातात घेऊन, हे असं बघतात. ह्यांना सरळ दिसायला काही करावं लागत न्हाई. मला टांगून घ्यावं लागतं.

माझी चूक नव्हतीच. जिथं उभं केलं तिथून जे दिसलं, ते मी काढलं.

मास्तर छडी घेऊन पुढं आला. छडीला विटाळ नसतो.

"म्हण," मास्तर म्हणाला, "अक्षर आमच्या जातीला न्हाई. मग सोडतो."

मी पाट्यांकडं बघत राहिलो.

"म्हण!"

पायाचे तळवे वर होते. छडी तळव्यांवर पडली. बाप बघत होता.

"दिसतंय का सरळ?" पाटलानं विचारलं. त्याला मजा पाहिजे होती.

"दिसायलंय," मी म्हणालो.

"काय दिसायलंय?"

"अक्षर सरळ दिसायलंय. आन तुमी समदे उलटे."

ह्यात हुशारी नव्हती. मला जे दिसत होतं तेच मी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं म्हणून सांगितलं. पण तोंडातून बाहेर पडल्यावर ते मलाच ऐकू आलं, आणि मला कळलं की हे आता मी परत घेणार न्हाई. पुढं किती छड्या पडल्या ते मोजायला मी शिकलो नव्हतो. "अक्षर आमच्या जातीला न्हाई" एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो न्हाई. शेवटी मास्तराचाच हात दमला.

बापानं गाठ सोडली. मला खांद्यावर घेतलं. पटका हातातच राहिला, डोईला बांधायचं त्याला सुचलं न्हाई. तसाच तो मांगवाड्यापर्यंत चालला. घरी आल्यावर माझ्या तळव्यांना तेल लावता लावता म्हणाला, "तसं बोलायचं न्हवतं, बाबा."

"तू बांधायचं न्हवतं," मी म्हणालो.

बाप त्यानंतर माझ्याशी मोठ्या आवाजात कधी बोलला न्हाई. मी तसं बोललो त्याचं मला वाईट वाटत न्हाई. बांधलं नसतं, तर त्याला मारलं असतं. ठाऊक हाय मला. तरी बांधायचं न्हवतं.

पाय टेकायला लागल्यावर मी पुन्हा गेलो. अंगण झाडलं न्हाई. केरसुणी घरीच ठेवली. नुसता उभा राहिलो, दोराला लागून. दोर पुन्हा बांधलेला होता.

मास्तरानं मला बघितलं. त्यानं पोरांना फिरवून बसवलं. तोंडं अंधाराकडं, पाठी माझ्याकडं. पोरांना पाट्या नीट दिसायच्या न्हाईत, तरी तशीच बसवली. स्वतःच्या पोरांचे डोळे फुटले तरी चालतील, पण मांगाच्या पोराला अक्षर दिसू नये. मी सदऱ्यांच्या पाठी बघत उभा राहायचा. पाटलाच्या पोरानं एकदा मान वळवून बघितलं. मास्तरानं त्याची मान धरून पुढं केली. पोरं बाराखडीवर गेली. माझी शाळा तिथं संपली.

पुढं मी अंबाडीला हात लावला न्हाई. बाप दोर वळायला बसायचा आणि टोक माझ्यापुढं धरायचा. मी घ्यायचा न्हाई. घरात त्यामुळं उपास पडले. पडले तर पडले. अव्वा, माझी आई, रडली, तरी घेतलं न्हाई. मिसरूड फुटल्यावर मी गुलबर्ग्याला गेलो, आडतीत पोती उचलायला. राहिलेली अक्षरं तिथं शिकलो, पोत्यांवरच्या नावांवरून. पोती कशीबी पडलेली असायची, आडवी, उलटी, सुलटी. पोत्यावरचं अक्षर कुणाकडंच तोंड करून बसत न्हाई. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मला वाचता येत होतं. लिहायला मात्र मी मातीत शिकलो होतो तसंच लिहायचा. आजबी तसंच लिहितो. हा कागदबी तसाच लिहिलाय. खालच्या कोपऱ्यातून सुरू करतो. समोर बसलेल्याला सरळ दिसतं, मला उलटं.

नात म्हणती, "आजा, सरळ लिहायला शीक की. चार दिवसांचं काम."

चार दिवसांचंच काम हाय. हात अजून थरथरत न्हाई. पण करणार न्हाई.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळं हाय. त्या ओट्यावरच्या शाळेची पुढं सरकारी शाळा झाली. औंदा तिला नवी कमान बांधलीय. शाळा सुरू व्हायच्या दिवशी गावातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्यांची नावं तिच्यावर रंगवायचीत. हेडमास्तर माझ्या घरी आला. चांगलं पोरगं. खाली बसला, चहा प्याला.

"आजा, जुन्यातले दोघंच राहिलात. तुम्ही आन पाटलांच्यातले आजोबा, तुमच्याच वयाचे. दोघांच्या हातून नव्या पोरांना पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं ठरलंय. शेजारी शेजारी बसायचं. फोटो काढायचा. झालं गेलं विसरायचं."

मी म्हणालो, "मी विद्यार्थी न्हवतो. मी खाली उभा होतो."

"तेच तर म्हणायलोय. आता वर या."

"नाव लिहिणार?"

"मोठ्या अक्षरात."

"मग उलटं लिहा."

तो हसला. मी हसलो न्हाई. मग त्याचं हसणं राहिलं.

"आजा, असं कसं? लोक हसतील."

"हसू दे. तवाबी हसले होते."

तो गेला. त्यालाच द्यायला हे लिहिलंय. कागद फिरवणार न्हाई, असाच पुढं सरकवणार, त्याच्या बाजूनं सरळच दिसंल. कमानीवर माझं नाव आलं तर डोकं खाली, पाय वर येईल. नव्या पोरांनी शाळेत शिरताना वर बघावं आणि मास्तराला विचारावं, हे उलटं कामून? मास्तरानं त्यांना खरं सांगावं. दोराचं सांगावं, फांदीचं सांगावं, दोर कुणी वळला आणि कुणाकडून बांधून घेतला ते सांगावं. पहिल्याच दिवशी सांगावं, ओनामासीधंच्या आधी.

सांगणार नसाल तर माझं नाव लिहू नका. सरळ तर लिहूच नका. सरळ लिहिलंत, तर शिडी घेऊन येईन आणि माझ्या हातानं खरवडून काढीन.