रावसाहेबांचा फॉर्म

परदेशात बावीस वर्षं काढून मावशीने दोन गोष्टी कमावल्या होत्या. एक, हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरीला सुरकुती न ठेवणारा इस्त्रीचा हात आणि दुसरी, तोंडाचा पट्टा. हाताचा तिला पगार मिळे. पट्टा मात्र ती दर शनिवारी फुकट चालवी, गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात.

तिथे सगळे तिला मावशीच म्हणत. हे नाव नसून नातं आहे, हे तिथल्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि तिनेही ते कधी सांगितलं नाही. निवारा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्याच असतील, पण त्यांचीही ती मावशी आणि पिंजरे धुणाऱ्या दाढीवाल्याचीही मावशीच.

शनिवारी सकाळी ती दाराजवळच्या टेबलाशी बसे. ज्यांना आपलं जनावर सांभाळणं जमत नसे ती माणसं ते घेऊन येत, त्यांना प्रश्न विचारून फॉर्म भरायचा, सही घ्यायची आणि जनावर आत पाठवायचं. काम एवढंच. पूर्वी सकाळभरात दोन-तीन माणसं येत. गेल्या दीड-दोन वर्षांत घरभाडी वाढली, वीज वाढली, जनावरांच्या खाण्याच्या पोत्याची किंमत तर दर महिन्याला नवी असे, आणि दाराबाहेर रांग लागू लागली. कारण सगळ्यांचं एकच. आणि मावशीला ते एकही दिवस पटलं नाही.

"भाडं वाढलं म्हणून पोटच्या पोराला सोडता का हो?" ती विचारी. "घेताना गोड वाटलं, आता जड झालं होय?" तिथल्या भाषेत झोंबणारे शब्द तिला कमी पडत. मग उरलेलं ती मराठीत बोले आणि नवल म्हणजे तेही समोरच्याला बरोबर कळे. माणसं खाली मान घालून सही करत. एखादी बाई रडे. रडू दे, मावशी म्हणे, आत ते मुकं जनावरही रडतंच आहे. संध्याकाळी घरी आल्यावर आज कुणाला काय सुनावलं हे ती यजमानांना रंगवून सांगे. यजमान गरीब स्वभावाचे. "जिभेला हाड नाही तुझ्या," म्हणत आणि पोपटाचा पिंजरा पुसायला घेत.

तिला कुणी दुष्ट म्हणेल तर ते खरं नव्हे. दोन खोल्यांच्या त्या भाड्याच्या घरात निवाऱ्यातून आणलेली एका कानाची मांजर होती, एक तीन पायांची कुत्री होती, स्वतःची पिसं उपटून उघडाबंब झालेला एक पोपट होता आणि वर दोन ससे. कुणालाच नको असलेलं जनावर दिसलं की मावशीचा पाय तिथून हलत नसे. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," असं यजमान दर वेळी म्हणत आणि दर वेळी घोड्याला जागा करून देत.

या सगळ्यांवर रावसाहेब. रावसाहेब म्हणजे करड्या रंगाचा थोराड कुत्रा. आठ वर्षांपूर्वी हॉटेलच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी तो मावशीला सापडला तेव्हा इतका उपाशी होता की वाडग्यावर तुटून पडे आणि लगेच ओकून टाके. म्हणून मावशीने त्याला रीत लावली. वाडगं समोर ठेवायचं, त्याने बसायचं, आणि तिने "रावसाहेब, घ्या" म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही. महिनाभर खपून तिने हे शिकवलं. पुढे कुणी पाहुणे आले की वाडगं ठेवून ती मुद्दाम गप्पा मारत बसे. लाळ गळे, पण रावसाहेब हलत नसत. "बघा, आपली माणसंसुद्धा इतकी थांबत नाहीत," मावशी म्हणे. तिच्या अभिमानाचा तो मोठा विषय होता.

मग पावसाळी ढगांसारखं सगळं एकदमच दाटून आलं. हॉटेलात पाहुणे कमी झाले म्हणून मावशीचे सहा दिवसांचे चार दिवस झाले. यजमान गोदामात पेट्या उचलत, त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. आणि त्याच महिन्यात घरमालकाचं भाडेवाढीचं पत्र आलं. दोघांनी चहातलं दूध कमी केलं, हीटर एकाच खोलीत लावायला सुरुवात केली, तरी तोंडमिळवणी होईना.

एका सकाळी सशांना गवत घालता घालता यजमान म्हणाले, "एक तरी कमी करावं लागेल गं."

मावशीने सशांचं पाणी बदललं. तिने मनातल्या मनात एकेक जनावर उचलून पाहिलं. बाकी सगळी निवाऱ्यातून तिच्या नावावर आणलेली. ती परत गेली तर तिच्याच नावाने, तिच्याच टेबलावर परत जातील. कागद नव्हता तो एकट्या रावसाहेबांचा, आणि निवाऱ्यातल्या कुणी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. शिवाय बाकीची सगळी मिळून खात तेवढं ते एकटे खात. हा हिशोब आपल्या डोक्यात इतक्या सरळ उतरला याची मावशीला त्याच क्षणी शरम वाटली, पण तिने तो पुसून टाकला नाही.

खरं तर सरळ मार्ग होता. टेबलाच्या पलीकडे उभं राहायचं आणि म्हणायचं, मला परवडत नाही. दर शनिवारी माणसं म्हणतच होती. पण त्या टेबलाशी काय ऐकवलं जातं हे मावशीइतकं कुणाला माहीत होतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशी गत. तेवढं तोंड तिच्यापाशी नव्हतं.

शनिवारी ती अर्धा तास आधी निघाली. यजमानांनी रावसाहेबांच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला आणि ते आतल्या खोलीत गेले. निवाऱ्याच्या अलीकडच्या वळणावर मावशीने रावसाहेबांचा पट्टा सोडून पिशवीत टाकला आणि गळ्यात एक जुनी दोरी बांधली. ते शहाण्यासारखे मान पुढे करून उभे राहिले. आत जाऊन तिने स्वतःच फॉर्म ओढला आणि स्वतःच्या अक्षरात भरला. कुठे सापडला: रस्त्यावर. मालक: माहीत नाही. वय: माहीत नाही. तिचा हात जराही थरथरला नाही, आणि नंतर तिला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटत राहिलं.

"मावशीला बघा," दाढीवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कामावर येतानासुद्धा एखादा जीव वाचवूनच येते." रांगेतल्या दोघांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी ती कुणालाच काही बोलली नाही. दाढीवाल्याने दुपारी विचारलं, "बरं नाही का?" "डोकं दुखतंय," मावशी म्हणाली. आणखी एक खोटं, पण आता त्यांची मोजदाद कोण करतंय.

नियम असा होता की सापडलेलं जनावर पाच दिवस मालकाची वाट बघत ठेवायचं. नंतर कुणी घेईल तर त्याला द्यायचं. आणि घेण्यासारखं नसेल तर गाडीत घालून दूरच्या मोठ्या केंद्रात पाठवायचं. तिथे जनावरं शेकड्यांनी होती. तिथून पुढे कुणाचं काय होतं, हे निवाऱ्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. एवढा देखणा कुत्रा, याला मुदत संपताच चांगलं घर मिळेल, असं मावशी स्वतःला बजावत राहिली. घरी ती त्याच्या रिकाम्या जागेला वळसा घालून जाई. यजमानही तसेच जात. दोघं एकमेकांकडे बघत नसत.

बुधवारी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मावशी, तुम्ही आणलेला तो कुत्रा काही खात नाहीये. चार दिवस झाले. हाताने भरवलं तर चमचाभर घेतो, नाहीतर भरलेल्या वाडग्यासमोर नुसता बसून राहतो. तुम्ही येऊन बघता का? तुमचं जनावरं ऐकतात."

मावशीच्या हातातली इस्त्री तशीच चादरीवर राहिली. लॉन्ड्रीतल्या शेजारच्या बाईने ती ओढून बाजूला केली म्हणून चादर वाचली.

ती पोचली तेव्हा पिंजऱ्याच्या दारावर नवीन कार्ड लावलेलं होतं. म्हातारा. बहिरा. खात नाही. खाली शुक्रवारच्या गाडीचा शिक्का.

"बहिरा?" तिने विचारलं.

"हाक मारा, टाळी वाजवा, बस म्हणा, ये म्हणा, काही कळत नाही त्याला," दाढीवाला म्हणाला. "अगदी ठार बहिरा."

रावसाहेब बहिरे नव्हते. त्यांना तिथली भाषा येत नव्हती, एवढंच. आठ वर्षं त्यांच्याशी कुणी ती बोललंच नव्हतं. आणि टाळ्यांचं म्हणाल, तर दिवसभर किंचाळणाऱ्या पोपटासोबत राहिलेला प्राणी टाळ्यांकडे कशाला मान वळवेल? ते भिंतीशी सरळ बसले होते. पुढ्यात काठोकाठ भरलेलं वाडगं होतं, त्यावर साय धरली होती, आणि त्यांच्या तोंडातून लाळेची तार खाली लोंबत होती. चार दिवस ते उपाशी होते, का, तर कुणी घ्या म्हटलं नव्हतं. मावशीला पाहून त्यांची शेपटी जमिनीवर एकदा आपटली. जागचे मात्र ते उठले नाहीत. वाडगं समोर असताना उठायचं नसतं, हेही तिनेच शिकवलं होतं.

पिंजऱ्याच्या उघड्या दारात डॉक्टरीणबाई आणि दाढीवाला दोघंही तिच्या पाठीमागे उभे होते. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मावशीला वाटलं, थांबावं, हे दोघं जाईपर्यंत काहीतरी निमित्त काढावं. असं वाटलं हे खरं आहे आणि ते इथे लपवण्यात अर्थ नाही. मग तिने रावसाहेबांच्या बरगड्या पाहिल्या.

"रावसाहेब," ती म्हणाली, "घ्या."

ते वाडग्यात असे शिरले की वाडगं पिंजऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत सरकत गेलं.

"काय म्हणालात तुम्ही?" दाढीवाल्याने थक्क होऊन विचारलं.

"आमच्याकडे लाडाने असं म्हणतात," मावशी म्हणाली. अजूनही ती खोटंच बोलत होती. तेवढ्यात रावसाहेब खाऊन तिच्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी तोंड वर केलं. मावशीच्या हाताने ओढणीचं टोक उचललं आणि त्यांचं तोंड पुसलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग हनुवटीखाली. आठ वर्षं रोज दोनदा केलेलं काम हाताला विचारून होत नसतं.

डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. मग त्यांनी दाढीवाल्याला सशांकडे पाठवलं, मावशीला आपल्या खोलीत नेलं आणि एक कोरा फॉर्म समोर घेतला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मावशीला उत्तर देता आलं असतं.

"कुणाचा आहे?"

"माझा."

"किती वर्षं?"

"आठ."

"कारण?"

"भाडं वाढलं," ती म्हणाली. "कामाचे दिवस कमी झाले. यांचा गुडघा." आपल्या तोंडून ही वाक्यं येताना ती ऐकत होती. अगदी तीच वाक्यं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी ती किती लंगडी वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न वाचला. "निवाऱ्याकडून खाण्याची आणि औषधाची मदत मिळाली, तर जनावर घरी ठेवाल का?"

मावशीने फॉर्मवरच्या त्या ओळीकडे पाहिलं.

"मावशी? मागच्या कोठीत लोकांनी दिलेली पोती आहेत, त्यासाठीच आहेत ती. ठेवाल का?"

"ठेवीन," मावशी म्हणाली आणि रडायला लागली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, सुटकेने रडते आहे. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

ते रडणं सुटकेचं नव्हतं. हा प्रश्न छापील होता, चौथा. महागाई वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो फॉर्मवर मुद्दाम घातला होता आणि प्रत्येकाला विचारा असं बजावलंही होतं. दीड वर्षात मावशीने तो एकालाही विचारला नव्हता. ज्याला जनावर नकोच आहे त्याला फुकटचं पोतं कशाला, असं म्हणून माणसाच्या तोंडाकडे बघून ती स्वतःच 'नाही'वर खूण करत असे. पुष्कळांनी पुढे सही करताना पाहिलंही नसेल. कोठीत पोती इतकी का साठतात, हे डॉक्टरीणबाईंना कोडंच होतं.

पाणी पिऊन मावशीने हेही सांगितलं. या वेळी मात्र डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. मग उठून त्यांनी कपाटातून फायलींचा गठ्ठा काढला, मावशीच्या पुढ्यात ठेवला, फोन तिच्याकडे सरकवला आणि बाहेर गेल्या.

रावसाहेब टेबलाखाली पोट टेकून झोपले होते. मावशीने सगळ्यात वरचा फॉर्म उचलला. शाळेत फरशी पुसणारी एक बाई, टोपलीत दोन मांजरं घेऊन आलेली. मावशीला ती आठवली, कारण तिला मावशीने जरा जास्तच सुनावलं होतं. दोन्ही मांजरं पुढच्याच आठवड्यात दोन वेगळ्या घरी गेली होती. मावशीने नंबर लावला.

"निवाऱ्यातून बोलतेय," ती म्हणाली. "टेबलावर असते ती."

पलीकडच्या बाईने आवाज ओळखला. "हो, हो," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं हो तेव्हा. माझंच चुकलं. झेपत नव्हतं तर मी आणायलाच नको होतं त्यांना. बरी आहेत ना दोघं?"

"बरी आहेत," मावशी म्हणाली. "बाई, चूक तुमची नव्हती. तुम्हाला एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारलाच नाही." आणि तिने चौथा प्रश्न वाचून दाखवला, सबंध, एकही शब्द न गाळता.

पलीकडची बाई अगदी हळू आवाजात बोलली.

"ही मदत तेव्हा होती?"

"होती," मावशी म्हणाली.